उभ्या गाडीची थरथर

तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा फार सरळ असतात. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. नदीला पूर आला, म्हणून वरच्या अंगाला पाऊस झाला असला पाहिजे. एका कार्याला एक कारण, आणि कार्यापासून कारणाकडे जाणारी वाट मोकळी. ही उदाहरणे खोटी नाहीत. परंतु ज्यांना रोज कारणे शोधून पोट भरावे लागते, त्या वैद्याच्या, न्यायाधीशाच्या किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या वाट्याला अशी मोकळी वाट क्वचितच येते. त्यांच्यासमोर लक्षण एकच असते आणि त्याच्यामागे दहा कारणे उभी असतात. त्यांतली दोन-तीन एकाच वेळी खरी असू शकतात. त्याहून अवघड गोष्ट ही की, कारण कळण्याआधीच लक्षण नाहीसे करण्याचा एखादा सोपा उपाय नेमका हाताशी असतो. तो करावा का, आणि केला तर तोंडाने काय सांगावे, हा प्रश्न मग केवळ तर्काचा राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी येथे एक अगदी हातातेलातले उदाहरण घेतो आहे. कार्बोरेटर असलेली जुनी मोटार उभी आहे, इंजिन सुरू आहे, आणि ते एकसारखे न चालता थरथरते, अडखळते, मधूनच बंद पडते. मिस्त्रींच्या भाषेत, 'गाडी स्लोला उभी राहत नाही' किंवा 'मिसिंग करते'. ज्यांनी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला आहे, त्यांना सिग्नलपाशी सबंध गाडीच्या अंगावरून जाणारी ती थरथर आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची प्रीमियर पद्मिनी ही ती गाडी. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तिची थोरली बहीण अँबॅसेडर उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ नंतर बाहेर पडली नाही. आता या गाड्या राहिल्या आहेत त्या मुख्यतः हौशी मालकांकडे आणि काही घरांच्या अंगणांत. पण त्यांच्या इंजिनाने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.

उभ्या गाडीतले इंजिन काय करत असते? बाहेरून पाहता काहीच नाही. चाके थांबलेली, ओझे कसलेच नाही. इंजिन केवळ स्वतःला चालू ठेवत असते : स्वतःचे घर्षण सोसते, पाण्याचा पंप आणि पंखा फिरवते, बॅटरीत थोडी भर घालते. इंग्रजीतल्या 'आयडलिंग' या शब्दात रिकामटेकडेपणाची छटा आहे; ती फसवी आहे. मिनिटाला ७५० फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडून मिश्रण पेटते. त्यांतला एक सिलिंडर पेटेनासा झाला तर सेकंदाला सहा वेळा एक धक्का गळतो, आणि ती पोकळी आपल्या पाठीला, स्टिअरिंगवरच्या हाताला, दाराच्या काचेला जाणवते. वेगात असताना हीच गळती जाणवत नाही असे नाही, पण पुष्कळ झाकली जाते. कारण फ्लायव्हीलच्या जड चाकात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ३००० फेऱ्या असताना त्या चाकात जेवढी पुंजी असते, तिचा केवळ सोळावा हिस्सा ७५० फेऱ्यांच्या वेळी उरतो. श्रीमंताच्या घरातली एक बुडीत रक्कम कोणाच्या लक्षात येत नाही. हातावर पोट असलेल्याच्या घरी ती त्याच संध्याकाळी चुलीपाशी कळते.

दुसरे कारण कार्बोरेटरच्या रचनेत आहे. गाडी धावत असते तेव्हा पेट्रोल मुख्य जेटमधून येते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की हवेच्या नळीतील झडप जवळजवळ मिटते, मुख्य जेट मुका होतो आणि इंजिनाचे पोषण एका निराळ्या, अरुंद वाटेने होऊ लागते. या वाटेवर स्लो जेट असतो. त्याचे छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. टाकीतल्या गंजाचा एक कण तेथे अडकला तरी पुरे. शिवाय झडप मिटलेली असल्यामुळे तिच्या पलीकडे, इंजिनाच्या अंगाला, हवेचा दाब फार उतरतो. निरोगी इंजिनात, समुद्रसपाटीच्या गावी, तो बाहेरच्या दाबापेक्षा पाऱ्याच्या १८ ते २० इंचांनी कमी असतो. एवढ्या ओढीपुढे चिरलेले पॅकिंग, सैल झालेली नळी, कार्बोरेटरच्या झिजलेल्या दांडीभोवतीची फट, जे काही सापडेल तेथून इंजिन हवा घेते. वेगात आत जाणाऱ्या हवेच्या मानाने ही चोरटी हवा नगण्य; उभ्या गाडीत मात्र मुळातली हवाच इतकी थोडी असते की तेवढ्या भेसळीने सगळे मिश्रण बिघडते.

येथे एखाद्या निबंधकाराला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल की, यंत्राचे काय आणि माणसाचे काय, खरे स्वरूप विश्रांतीच्या क्षणीच प्रकट होते. निष्कर्ष आकर्षक आहे. तो टाळलेला बरा. पेट्रोलच्या पंपाचा थकलेला पडदा किंवा अंशतः बुजलेला मुख्य जेट उभ्या गाडीत काहीच सांगत नाही. खंडाळ्याच्या घाटात, चार माणसे आणि सामान घेऊन चढताना तो बोलू लागतो. तेथे जी गाडी दोषी ठरते ती खाली उतरल्यावर पुन्हा निर्दोष दिसते. प्रत्येक अवस्था आपापले दोष दाखवते आणि इतरांचे लपवते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एक मिश्रणाचा, दुसरा झडप किती उघडी राहावी हे ठरवणारा, ज्याला 'रेसचा स्क्रू' म्हणतात. हा दुसरा स्क्रू अर्धा-पाऊण वळसा फिरवला की ७५० फेऱ्यांच्या हजार होतात, फ्लायव्हीलची पुंजी वाढते आणि थरथर थांबते. काम दोन मिनिटांचे. गिऱ्हाईक समाधानाने पैसे देऊन जाते. त्याला फसवले असे म्हणायचे का? थरथर थांबली हे तर खरेच आहे, तो भास नव्हे. पण ती ज्या कारणाने उत्पन्न झाली होती ते कारण जागच्या जागी आहे. पेट्रोल थोडे अधिक जळेल. आणि थरथरीचे मूळ नीट न मिटणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असेल तर तो व्हॉल्व्ह जळतच राहील.

टॅपेटचे उदाहरण याहून बोलके आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा दांडा यांच्यात कागदाच्या जाडीएवढी जागा ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. ही जागा थोडी अधिक असली की इंजिन टकटक आवाज करते. मालकाला आवाज नको असतो. मिस्त्री जागा कमी करतो, इंजिन गप्प होते, मालक खूश होतो. मात्र जागा पुरेशी नसल्याने तापलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. टेकला नाही म्हणजे त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि काही महिन्यांत त्याची कड जळते. जुने मिस्त्री म्हणूनच किंचित वाजणारे टॅपेट पसंत करतात. जो आवाज ऐकून आपण बिघाड समजलो तो आरोग्याचा होता आणि जी शांतता आपण विकत घेतली तीच बिघाडाची सुरुवात होती, असे येथे घडते.

तरीही स्क्रू फिरवणाऱ्याला लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई करू नये. टॅक्सी चालवणाऱ्याचा विचार करा. गाडी बहुधा त्याची स्वतःची नसे. मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यावे लागत. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायचे म्हणजे निदान एक दिवस गाडी उभी, म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली आणि वर मजुरी. त्याला कारणाचे ज्ञान नको असते. संध्याकाळची पाळी मारता येईल एवढी चालणारी गाडी हवी असते. निदानाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत क्वचित येतो. सत्य हे फुकट मिळते, किंवा त्याची किंमत शोधणाऱ्यानेच मोजायची असते, असे आपण गृहीत धरतो. येथे शोधणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा आहे. ज्याला त्या दिवशी ती किंमत परवडत नाही, त्याला 'मूळ कारणापर्यंत गेलेच पाहिजे' असा उपदेश करणे ही एक प्रकारची निर्दयता आहे. रेस वाढवून देणे हे म्हणूनच माझ्या मते पाप नाही. मात्र रेस वाढवून देऊन 'गाडी दुरुस्त झाली' असे सांगणे हे निराळे कृत्य आहे, आणि त्याचे परिणाम त्या गिऱ्हाइकापुरते राहत नाहीत. कसे, ते पाहण्यासाठी पुन्हा एकदा कार्बोरेटरच्या आत डोकावावे लागेल.

झडपेच्या कडेलगत काही सूक्ष्म छिद्रे असतात. चालकाने ॲक्सिलरेटर दाबायला सुरुवात केली की झडपेची कड त्यांच्यावरून सरकते आणि त्यांतून पेट्रोल येऊ लागते. स्लो जेट आणि मुख्य जेट यांच्यामधला तो पूल आहे. उभ्या गाडीत ही छिद्रे पेट्रोल देत नसावीत अशी रचना असते. रेसचा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळला की झडप उघडी राहते, छिद्रे ओढीत सापडतात आणि त्यांतून पेट्रोल झिरपू लागते. मग मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन दाद देत नाही, कारण पोषण आता त्याच्या ताब्यात राहिलेले नसते. सहा महिन्यांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे जाते. तो मिश्रणाचा स्क्रू फिरवून पाहतो, फरक पडत नाही, म्हणून कार्बोरेटर निकामी ठरवतो. नवा बसवला जातो. तिसरा मिस्त्री ठिणगीची वेळ पुढे ओढून आणखी थोडी रेस मिळवतो. आता इंजिनात मूळचा एक दोष आणि त्याच्यावर घातलेली तीन पांघरुणे आहेत. लक्षण झाकणाऱ्याने केवळ दोष तसाच ठेवला असे नाही. पुढच्या शोधकाचा पुरावाही त्याने बिघडवला.

या शोधाची पद्धत कोणती? आपल्याकडच्या नैयायिकांनी धूर आणि अग्नी यांच्या उदाहरणावर शतकानुशतके खल केला आहे, आणि तो वाटतो तितका बाळबोध नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, परंतु अग्नीवरून धुराचे होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येण्यासाठी अग्नीला ओल्या इंधनाची जोड लागते. या जोडीला त्यांनी 'उपाधी' म्हटले. मिस्त्री सायलेन्सरपाशी उभा राहून धूर पाहतो तेव्हा त्याला अग्नी आहे की नाही हे सिद्ध करायचे नसते; त्याला उपाधी ओळखायची असते. धूर काळा असेल तर पेट्रोल अधिक आणि हवा कमी; निळसर असेल तर इंजिनाचे तेल सिलिंडरात शिरते आहे; इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत असेल तर पाणी. थरथर हा एकटा हेतू व्यभिचारी आहे, म्हणजे तो अनेक ठिकाणी भटकतो. धुराचा रंग, प्लगच्या टोकाचा रंग, थरथरीची लय यांची साथ मिळाली की त्याचे भटकणे कमी होते. लय फार महत्त्वाची. ठरावीक अंतराने येणारा झटका बहुधा एका सिलिंडराकडे बोट दाखवतो. लय नसलेले अडखळणे सर्वांना समान असलेल्या कारणाकडे, म्हणजे मिश्रणाकडे किंवा हवेच्या फटीकडे नेते.

एका सिलिंडराचा संशय आला की मिस्त्री जी परीक्षा करतो ती मला सबंध विद्येतली सर्वांत सुंदर वाटते. इंजिन चालू ठेवून तो प्लगच्या वायरी एकेक करून काढतो. निरोगी सिलिंडराची वायर काढली की इंजिन आणखी धापा टाकू लागते. जिची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. असण्याने जो ओळखू आला नाही तो नसण्याने ओळखला जातो. नैयायिक याला व्यतिरेक म्हणतील. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात अन्वय आणि व्यतिरेक यांच्या जवळपास जाणाऱ्या रीती सांगितल्या, आणि एकाच कार्याला निरनिराळी कारणे असू शकतात ही अडचणही त्याने नोंदवली. वायर काढणाऱ्या मिस्त्रीला यांपैकी कोणाचे नाव ठाऊक नसते. पण एका वेळी एकच वायर काढायची, ती पुन्हा बसवल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या शिस्तीत सगळे तर्कशास्त्र आले.

ही शिस्त पाळणे दिसते तितके सोपे नाही. अधीर माणूस प्लग, पॉइंट, कंडेन्सर, जेट सगळे एकदम बदलतो. गाडी नीट चालू लागते. तिला काय झाले होते, हे मात्र कायमचे अज्ञात राहते. आयुर्वेदात निदानाच्या पाच साधनांत 'उपशय' हे एक सांगितले आहे. रोगाची लक्षणे गूढ असतील तेव्हा औषध किंवा आहार देऊन पाहावे आणि त्याने बरे वाटते की बिघडते यावरून रोग ओळखावा. उपचार हाच तेथे प्रश्न होतो. परंतु पाच औषधे एकत्र दिली तर तो प्रश्न राहत नाही, केवळ उपचार राहतो. अडखळणाऱ्या इंजिनाच्या जोडांवर साबणाचे पाणी सोडून पाहणारा मिस्त्री उपशयाचाच प्रयोग करतो : फट क्षणभर बुजली आणि इंजिन सावरले, तर फट तेथे आहे. काहीजण पाण्याऐवजी पेट्रोलचा फवारा मारतात. जवळच तापलेली एक्झॉस्टची नळी असते, आणि ज्ञानाची एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. उलट टोकाला, बुजलेल्या स्लो जेटमध्ये तार खुपसणारा माणूस असतो. कण निघतो, पण पितळेचे छिद्र कायमचे मोठे होते आणि तेथून पुढे ते मिश्रण कधीही बरोबर देत नाही. हवेच्या झोताने निघणाऱ्या कणासाठी मापच नष्ट केले गेले. परीक्षा अशी हवी की तिने परीक्षेचा विषय बदलू नये.

कार्बोरेटरवर होणाऱ्या अन्यायाबद्दलही येथे थोडे बोलले पाहिजे. बॉनेट उघडले की तो समोर दिसतो, त्याला स्क्रू आहेत, तो हाताला लागतो. म्हणून पहिला संशय त्याच्यावर. वस्तुतः पुष्कळदा दोष ठिणगीचा असतो. झिजलेले पॉइंट, थकलेला कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली केसाएवढी चीर, पावसाळी हवेत ओल धरणारी वायर. यांतले काही डोळ्यांना दिसत नाही. अनुभवी मिस्त्री म्हणूनच आधी टॅपेट, मग ठिणगी आणि शेवटी कार्बोरेटर असा क्रम धरतो. या क्रमामागे एक न्याय आहे : जो सर्वांत सहज दोषी ठरवता येतो त्याची चौकशी सर्वांत शेवटी करावी.

चौकशी सुरू झाली की आणखी एक चमत्कारिक अनुभव येतो. दोष दुरुस्त करावा तर इंजिन आधीपेक्षा वाईट चालू लागते. मराठीत 'सांभाळून घेणे' असा एक फार समंजस शब्दप्रयोग आहे. जुन्या इंजिनाचे भाग एकमेकांना सांभाळून घेत असतात. चोरटी हवा येत होती म्हणून कोणीतरी मिश्रणाचा स्क्रू मोकळा करून पेट्रोल वाढवले. दोन चुका मिळून चाल जेमतेम बरी झाली. आज फट बुजवली, तर ते जास्तीचे पेट्रोल उघडे पडते, प्लग काळे होतात, थरथर वाढते. मालक म्हणतो, आणली होती तेव्हा बरी होती. आणि त्याचे म्हणणे शब्दशः खरे असते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही हा प्रसंग परिचित वाटेल. एकाच्या तापटपणाला दुसऱ्याचे गप्प बसणे, तिसऱ्याच्या उधळेपणाला चौथीची लपवून ठेवलेली पुरचुंडी सांभाळून घेते, घर चालते. एखाद्या सुधारकाने त्यांतली एकच गोष्ट सुधारली की घर हलते, आणि दोष सुधारणेवर येतो. सांभाळून घेणे वाईट, असे मी म्हणणार नाही. त्याच्यावाचून ना इंजिने टिकली असती ना घरे. पण ज्याला निदान करायचे आहे त्याला ही सांभाळणी एकेक करून काढून घ्यावी लागते, आणि मधल्या काळातली वाढलेली थरथर आपल्या नावावर घ्यावी लागते. हे धैर्य कौशल्याहून दुर्मिळ आहे. पुष्कळ चांगले मिस्त्री येथेच माघार घेतात : अर्ध्यावर आलेली दुरुस्ती उलटी फिरवून गाडी होती तशी करून देतात.

रेस वाढवून देणाऱ्याने काय सांगावे, हा मागे ठेवलेला प्रश्न आता नीट मांडता येतो. न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानले आहे, आणि शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाचा अभिप्राय असा की, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही त्याने आवर्जून म्हटले आहे. जाणणे आणि जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा, या दोन अटी पुऱ्या झाल्या की गॅरेजमधला मिस्त्रीही आप्त ठरतो. 'रेस वाढवून दिली आहे, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलेला दिसतो, सवडीने हेड उतरवा' एवढे वाक्य तो बोलला, तर लक्षण झाकूनही त्याने पुरावा बिघडवला नाही. टॅक्सीवाल्याची संध्याकाळ वाचली आणि पुढच्या मिस्त्रीची वाटही मोकळी राहिली. 'कार्बोरेटर साफ केला, आता बघायला नको' असे तो बोलला, तर तोच स्क्रू, तेवढाच फिरवलेला, खोटा ठरतो. हातांनी केलेले काम दोन्ही वेळा एकच आहे.

येथे कोणी विचारील की, त्याला व्हॉल्व्ह गेल्याचे ठाऊकच नसेल तर? मग 'ठाऊक नाही' हे सांगणेही आप्ताच्याच लक्षणात बसते. परंतु बाजारात या उत्तराला किंमत नाही. अमुक झाले आहे असे ठामपणे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक जाते. 'पाहावे लागेल' म्हणणाऱ्याकडे नाही. खोट्या निदानांचा दोष सगळा मिस्त्रींवर टाकण्यापूर्वी आपण गिऱ्हाइकांनी विकत काय मागितले होते, हेही तपासायला हवे.

कारणाची साखळी मागे कुठवर न्यायची, हा आणखी एक पेच आहे. जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. त्याचा लेप एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवी. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि मऊ बैठकींची जुनी इंजिने कष्टाला लागल्यावर हळूहळू झिजू लागली. बैठक झिजली की टॅपेटची जागा मिटते, आणि पुढची गोष्ट वर आलीच आहे. थरथरीच्या कारणांत एका सरकारी निर्णयाचा अंतर्भाव करावा लागेल. पण शिसे हवेत जाऊन मुलांच्या मेंदूला अपाय करीत होते. ते काढणे योग्यच होते. कारण आणि दोष या दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो, ती येथे स्पष्ट होते. याउलट पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्याची करणी कारणही होती आणि दोषही. अलीकडच्या इथेनॉलचे काय म्हणावे? २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले गेले, २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटांच्या मापाला मिश्रण विरळ पडते. जुने रबरी पडदे आणि नळ्याही त्याला टिकत नाहीत. सोलापूर-कोल्हापूरकडचा ऊस कारखान्यात जाऊन मळीच्या वाटेने अखेर एखाद्या पद्मिनीच्या स्लो जेटपाशी पोहोचतो. साखळी खरी आहे. पण मिस्त्रीने ती उसाच्या फडापर्यंत नेऊन उपयोग नाही. त्याने जेटचे माप आणि नळीचे रबर येथे थांबावे. कारण कुठे थांबवायचे हे सृष्टी ठरवीत नाही. आपला हात कुठवर पोहोचतो त्यावरून ते ठरते. म्हणून एकाच थरथरीचे मिस्त्रीने दिलेले कारण आणि इंधनाचे धोरण आखणाऱ्याने दिलेले कारण, दोन्ही निराळी असून दोन्ही खरी असतात.

या शतकाच्या आरंभापासून आपल्याकडच्या नव्या मोटारींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता पेट्रोलचे माप संगणक ठरवतो, आणि उभ्या गाडीचे इंजिन अडखळू लागले की तोच हवेची वाट थोडी उघडून चाल सावरतो. म्हणजे रेसचा स्क्रू फिरवण्याचे काम गाडी स्वतःच, चालकाच्या नकळत, क्षणोक्षणी करते. तिच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : दोष मर्यादेबाहेर गेला की ती तो एका सांकेतिक आकड्याच्या रूपाने नोंदवून ठेवते, आणि वाचण्याचे यंत्र जोडणाऱ्या कोणालाही तो सारखाच सांगते. आकडा मात्र बहुधा लक्षणाचा असतो. 'तिसरा सिलिंडर पेटत नाही' एवढे तो सांगेल. का पेटत नाही, हे शोधायला पुन्हा कोणीतरी प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावा लागतो.

आणि जुन्या गाडीत कधी असेही होते की सगळ्या परीक्षा होऊन जातात. टॅपेट मोजून लावले, पॉइंट नवे, ठिणगी निळी आणि टणक, हवा कोठून येत नाही, जेट स्वच्छ आणि मूळ मापाचा. चारी सिलिंडरांचा दाब मोजला तर तो चारी ठिकाणी सारखा, पण सगळीकडे थोडा कमी. रिंगा झिजल्या आहेत, सिलिंडर झिजले आहेत, लाखो किलोमीटर झाले आहेत. मिस्त्री मिश्रणाचा स्क्रू पाव वळसा आत, पाव वळसा बाहेर असा फिरवत कान देऊन उभा राहतो. एका जागी चाल सर्वांत बरी वाटते तेथे थांबतो, आणि रेसच्या स्क्रूला हात लावत नाही. हात पुसून तो मालकाला बोलावतो, त्याचा तळवा बॉनेटवर ठेवायला लावतो. तळव्याखाली बारीक थरथर अजून आहे. ही राहील, असे तो सांगतो.